डावीकडचा फा

“मिस, तुमचा फा कुठे हरवला?”

फाटकातून कुणीतरी विचारलं नि माझी बारा पोरं वळून बघायला लागली. तिथे एक उंच तरुण उभा होता. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, हातात दोन लोखंडी चाकं. आमची पॅन, म्हणजे लोखंडी पिंपांची केलेली वाद्यं, ठेवायच्या गाड्या दुरुस्त करायला माणूस येणार होता, तो हाच.

“त्याला कांजिण्या आल्यात,” मी म्हटलं. “ज्याच्या ओळीत फाचा सूर येतो तो रिची घरी झोपलाय.”

“मग तर त्याच्याजवळ जायला नको.”

“सुरांचा फार कान आहे ना तुला? ये, वाजव.” मी काड्या पुढे केल्या.

तो ऐटीत पॅनसमोर उभा राहिला. मी गुणगुणले ती ओळ त्याने एका दमात वाजवली... आणि असा काही भलताच आवाज निघाला की पोरं हसून हसून खाली बसली. तो पॅनकडे बघतच राहिला.

“आमच्या बँडच्या पॅनवर फा उजवीकडे असतो.”

“आमच्याकडे डावीकडे.”

जुन्या कारागिरांनी पिंपाच्या तळावर ज्याला जिथे सुचलं तिथे सूर ठोकले. त्यांचे हट्ट आम्ही अजून वाजवतो.

त्याचं नाव किरॉन. काम दोन दिवसांचं होतं, पण नऊ दिवस झाले तरी तो येतच होता. चार वाजले की आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत रिचीच्या जागी उभा राहायचा. आमच्याकडे सूर लिहिलेला कागद नसतो. मी ओळ वाजवायची, त्यांनी ती परत द्यायची. त्याचा हात उजवीकडे निघाला की मी मनगट धरून डावीकडे न्यायची.

“काल तर येत होतं तुला!”

“काल तुम्ही जास्त वेळ धरलं होतं, मिस.”

मी हात सोडला. कान तापले होते.

“मिस,” आठ वर्षांची अकिला मोठ्याने म्हणाली, “चाकं सगळी कालच झाली. आज तो तीच काढून परत बसवत होता.”

दहाव्या दिवशी मात्र तो हसला नाही. मी त्याच्यासाठी आणलेले चण्याची उसळ भरलेले डबल्स कागदात तसेच गार झाले. काही विचारलं की “काही नाही...” एवढंच.

“किरॉन, सांग बरं.”

“काल आमच्या बँडच्या अंगणात मी फा डावीकडे मारला. तीनदा.”

सान फर्नांडो शहरातल्या त्याच्या बँडमध्ये तो सात वर्षांचा असल्यापासून वाजवत होता. पहिल्या रांगेत. पुढच्या शनिवारी बँडच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, आणि त्यांच्या गुरुजींनी बजावलं होतं – आणखी एक चूक, की रांगेबाहेर.

“मग इथे येतोस कशाला?”

“चाकं...”

“किरॉन!”

त्याने माझ्याकडे बघितलं. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी भीती वाटली. मी त्याच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या.

“शनिवारपर्यंत इथे पाऊल टाकायचं नाही.”

“तोवर तुझं सगळं विसरून जाईन.” ‘मिस’ गळून पडलं होतं.

“तेच हवंय.”

“तुला तेच हवंय?”

“...जा आता.”

तो गेला. आठवडाभर मला एका जागी बसवेना. फाटक वाजलं की मान वळायची. “मिस, ही ओळ चौथ्यांदा झाली,” अकिला म्हणायची.

शनिवारी भर दुपारी पोरांना घेऊन मी मैदानात गेले. आम्ही सगळे आमच्या पिवळ्या शर्टात. त्याचा लाल बँड गाड्या ढकलत मंचावर आला. गाण्याच्या मध्यावर सगळे थांबतात नि फक्त पहिली रांग हळू वाजवते, ती जागा आली. त्याचा हात उचलला गेला. मी अकिलाचा खांदा घट्ट धरला...

उजवीकडे. स्वच्छ सूर. पुन्हा उजवीकडे, पुन्हा स्वच्छ.

लोक ओरडत होते, मीही टाळ्या वाजवत होते. आणि प्रत्येक बरोबर सूर मला टोचत होता. इतक्या लवकर विसरला? मीच सांगितलं होतं ना...

पोरांना त्यांच्या आयांकडे सोपवून मी मंचामागे गेले. तो घामाने निथळत होता. बोटांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

“एकही चूक नाही,” मी म्हटलं.

“मग रडतेस का?”

“धूळ आहे इथे.”

“सात दिवस घासलं, जॅनेल. हात कसेबसे वळणावर आले.” तो बोटावरची पट्टी सारखी करू लागला. “मन नाही आलं.”

“सोमवारी रिची परत येतोय,” मी म्हणाले.

“मी मागे उभा राहीन.”

“गाड्यांची चाकंही धड आहेत.”

“ठाऊक आहे. या वेळी चाकांचं नाव सांगणार नाही. तुझ्यासाठी येतोय.”

“किरॉन!” त्याचे लोक हाका मारायला लागले. “गाडी काय तुझा आजा ढकलणार?”

तो जायला वळला, पण पाय निघेना. मग मीच पुढे झाले नि माझ्या पिवळ्या शर्टातच त्यांच्या लाल गाडीला खांदा लावला. लाल शर्टवाले आधी थबकले, मग शिट्ट्या मारायला लागले. गाडी हलली. किरॉन माझ्या शेजारी येऊन ढकलू लागला, आणि रस्ता चढाचा असूनही आम्हा दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.