शुक्रवारी चार वाजता बंद पडणारा स्विच

सुदर्शनची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि चूक शंभर टक्के त्याची होती.

लातूरच्या आमच्या कॉलेजात बावीस नेटवर्क स्विच आहेत. प्रत्येक इमारतीत नेट पोचवणारे, केबलींनी लगडलेले लहान लहान डबे. त्यांची राखण करणारी मी एकटी. त्या दिवशी अख्ख्या वाचनालयाचं नेट गेलं म्हणून धावत गेले, तर एक उंच, सावळा मुलगा निवांत भिंतीला भोक पाडत होता. नांदेडहून कॅमेरे बसवायला आला होता म्हणे. आणि माझ्या स्विचचा प्लग काढून त्यानं तिथं आपली ड्रिल मशीन लावली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बोलत राहिले, तो ऐकत राहिला. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "चुकलं, मॅडम. पण एक सांगू? नेट गेलेलं तुम्हाला कळलं कसं?"

"वाचनालयातल्या साखराबाईंनी फोन केला."

"म्हणजे लोकं बोंबलल्याबिगर तुम्हाला कळतच न्हाई..."

राग आला, कारण खरं होतं. दीड महिन्यावर ऑनलाइन परीक्षा आली होती आणि प्राचार्यांनी मला तंबी दिली होती – आता नेट सारखं पडलं, तर हे काम बाहेरच्या कंपनीला. म्हणजे मी घरी, रेणापूरला. माझ्या वडिलांनी, बापूंनी आणलेल्या स्थळांना 'नोकरी आहे, इतक्यात नको' म्हणायची सोय संपली.

हे मी त्याला सांगितलं नाही. पण चुकीची भरपाई म्हणून पुढचे दोन शनिवार तो आपणहून आला. अडगळीतला जुना कॉम्प्युटर झटकून त्यावर लिनक्स टाकलं, आणि त्यावर एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर. ते दर पाच मिनिटांनी प्रत्येक स्विचला विचारायचं, बरा आहेस का? उत्तर आलं तर पडद्यावर हिरवा चौकोन, नाही आलं तर लाल. स्विचना कंपनीतून येतानाच दिलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता. तो म्हणाला, हे म्हणजे कुलूप लावून किल्ली कुलपालाच अडकवून ठेवल्यासारखं. मग आम्ही सगळीकडे नवे शब्द टाकले, माझ्या नावानं एक, त्याच्या नावानं एक.

मी एकेका स्विचचा पत्ता वाचायचे, तो टाइप करायचा. आकडा मुद्दाम चुकवायचा, म्हणजे मी वाकून दाखवावा. मला ते कळायचं... मी वाकायचे.

काम संपलं. तो गेला. आणि शुक्रवारी चार वाजता ड्रॉइंग हॉलचा चौकोन लाल झाला.

मी फोन केला. शनिवारी सकाळच्या बसनं तो हजर. लॅपटॉप उघडला, दहा मिनिटांत चौकोन हिरवा. मग चहा, मग गप्पा, मग दुपारची बस. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मला स्विचची काळजी वाटायला हवी होती. मला शनिवारी कोणता ड्रेस घालायचा याची वाटत होती. पण तिसऱ्या खेपेला प्राचार्यांनी तो लाल चौकोन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, परीक्षेत हे झालं तर तुमचा निरोप समारंभ.

मी हॉलमधली केबल बदलली, प्लग बदलला, स्विचसुद्धा बदलला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रविवारी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका घेऊन बसले तेव्हा कळलं, स्विच आपल्या बाबतीत काय काय झालं त्याची नोंदही याच कॉम्प्युटरला पाठवतात. मुख्य स्विचची नोंद उघडली. शुक्रवार, चार वाजून दोन मिनिटं – ड्रॉइंग हॉलकडे जाणारा पोर्ट, म्हणजे तिकडच्या केबलची खाच, बंद केला. कोणी? सुदर्शन. तिन्ही शुक्रवारी. नांदेडला बसून.

आधी हसू आलं. मग रडू आलं.

सोमवारी त्याला बोलावलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"हाव... मीच," तो म्हणाला. "त्या वक्ताला हॉलमधी कोणी नसतंय. लातूरला यायला निमित्त शोधून राहिलो होतो."

"तुमचं निमित्त झालं, माझी नोकरी गेली असती, सुदर्शन. मग मला रेणापूरला कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन उभं राहावं लागलं असतं."

त्याचा चेहरा उतरला. तो उठला आणि सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेला. मी दाराबाहेरून ऐकलं. मॅडमची काही चूक नाही, पोर्ट मी बंद केला, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. प्राचार्यांनी त्याला कॉलेजच्या आवारात पाऊल ठेवायची बंदी केली. सॉफ्टवेअरमधून त्याचं नाव काढायचं काम माझ्याकडे आलं. मी काढलं. पाच सेकंदांचं काम, मला अर्धा तास लागला.

परीक्षेचे चारही दिवस बावीस चौकोन हिरवेगार होते. माझं कंत्राट वर्षभर वाढलं, साखराबाईंनी पेढा भरवला. शुक्रवारी चार वाजता मात्र मी ड्रॉइंग हॉलच्या चौकोनाकडे बघत बसले. मेला हिरवाच राहिला. मला सुदर्शन हवा होता, आणि त्याला यायला आता काहीच कारण उरलं नव्हतं.

शनिवारी वॉचमन निजामोद्दीनचाचांचा फोन आला. तो नांदेडचा पोरगा गेटबाहेर उभा आहे. आत सोडायचा हुकूम नाही, आणि तो हलायलाही तयार नाही.

मी गेले. भुरभुर पाऊस होता. त्याच्या खांद्याला बॅग नव्हती, हातात लॅपटॉप नव्हता.

"आज काय बंद पडलंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. आज काय काम न्हाई, तनुजा..." त्यानं केसांतलं पाणी पुसलं. "तुला भेटायला आलो. मला तू लई आवडती. हे पहिल्याच शनिवारी म्हणायला पायजे होतं."

"पाहिजे होतं," मी म्हणाले. "मी हो म्हणाले असते."

"आता?"

"आताही हो. पण माझ्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही."

त्यानं मान हलवली. मी चाचांना सांगितलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकते, आणि गेट ओलांडून बाहेर आले.

"कुठं चाललो?" त्यानं विचारलं.

"रेणापूरला. बापू घरी असतील. त्यांनी विचारलं कशाला आलात, तर निमित्त सांगायचं नाही. आत्ता मला सांगितलंत तेच सांगायचं."

तो घाबरला, स्पष्ट दिसलं. तरी बसमध्ये माझ्या आधी तोच चढला, आणि खिडकीजवळची जागा माझ्यासाठी धरून बसला.