ज्येष्ठेला नेसवलेला शालू

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, दामिनीच्या घरी घडलंय. नागपुरात, नंदनवनमध्ये. मागच्या भाद्रपदात, महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी.

दामिनी ही जितेंद्रची दुसरी बायको.

पहिली श्वेता. ती त्याच्या दोन वर्षं आधी याच सणात गेली होती. पोटुशी, सोवळ्यात, सकाळपासून उपाशी. पुरण वाटतानाच कळा सुरू झाल्या. तिची सासू सिंधूताई म्हणाली, पंगत उठू दे, मग दवाखान्यात नेऊ.

पंगत उठेपर्यंत श्वेता गेली. लेकरूही पोटातच गेलं.

एक वर्ष सण झाला नाही. मागच्या वर्षी सिंधूताईंनी हौसेनं मांडला, कारण आता दामिनीला दिवस होते. बाईला लाज कशी ती नाहीच.

ऐन वेळी दोघींतल्या थोरलीच्या, ज्येष्ठेच्या नव्या साडीवर समई कलंडली. सिंधूताईंनी सरळ कपाटातून श्वेताचा लग्नातला शालू काढला.

दामिनी दबकत म्हणाली, "आई, देवीले कोरंच लुगडं लागते ना?"

"एकच डाव नेसली होती थे. देवी का बिल पाहून राहिली?"

ज्येष्ठेला शालू नेसवला.

मग मुखवटे आत आणायचे. दामिनीच्या हातात सूप, सुपात दोन्ही मुखवटे, पुढे जितेंद्र थाळी वाजवतोय. आलेल्या महालक्ष्मीला सगळं घर दाखवायचं आणि हे तुमचंच म्हणायचं, अशी रीत. स्वयंपाकघर दाखवलं. धान्याची कोठी दाखवली. शेवटी निजायची खोली.

तिथे सिंधूताईंनी दामिनीच्या पोटावर हात ठेवला.

"हेही तुमचंच, माय."

थाळी थांबली...

जितेंद्र म्हणाला, हात उचललाच जात नाहीये. पोटातलं बाळ हलायचं थांबलं, ते थेट सकाळी हललं. दामिनीनं ती रात्र कशी काढली, तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवून पडदा ओढला. देवी जेवताना बघायचं नसतं. सगळे बाहेर गप्प बसले.

आतून बांगड्या वाजल्या...

मग घास गिळल्याचा आवाज. घाईघाईनं, उपाशी माणूस जेवतो तसा.

पडदा सारला. कनिष्ठेचं पान जसंच्या तसं. ज्येष्ठेचं चाटूनपुसून साफ.

देवी जेवली म्हणून सिंधूताईंनी अख्खी गल्ली बोलावली. दामिनीचं लक्ष मात्र शालूकडे गेलं. छातीपाशी तो ओला होता. सासू म्हणाली, पंचामृत सांडलं असेल. दामिनीनं बोट लावून पाहिलं.

दूध होतं... कोमट.

तिसऱ्या दिवशी दहीभात देऊन महालक्ष्म्यांना निरोप दिला. शालू कपाटात गेला.

दिवाळीनंतर दामिनीला मुलगी झाली. गोरीगोमटी, पण आईचं दूध घेईना. बाटलीलाही तोंड लावेना. डॉक्टरांनी वजन केलं, तर वजन वाढत होतं. मग पीतच असेल, म्हणाले. इकडे दामिनीची छाती दुधानं दगड व्हायची, ताप भरायचा. ती भिंतीकडे तोंड करून रडायची.

आणि पाळण्यातून आवाज यायचा... चुटूचुटू.

पाळण्याजवळ कोणी नसायचं.

एका दुपारी तिनं शालू बोचक्यात बांधला आणि शेजारच्या जिजाबाईंकडे नेऊन ठेवला. श्वेता कशी गेली, ते खरं जिजाबाईंनीच तिला तेव्हा सांगितलं. तोवर तिला नुसतं बीपी वाढलं म्हणून माहीत होतं.

त्या दिवसापासून घरातला आवाज बंद झाला. पोरगी मात्र किंचाळत राहिली. दूध पाजायला घेतलं की मान फिरवायची. बघता बघता सुकली. ओठ पांढरे पडले, मग रडणंही थांबलं.

दामिनी अनवाणी जिजाबाईंकडे धावली. शालू आणला, पाळण्याच्या दांडीवर टाकला. हात जोडले.

"घे वं ताई. पाज तिले."

आणि स्वतःच दार ओढून बाहेर बसली.

आत लगेच सुरू झालं... चुटूचुटू.

परवा मी तिच्याकडे गेले होते. पोरगी छान गुटगुटीत आहे. सिंधूताई सगळ्यांना देवीची कृपा म्हणून सांगतात. मी असतानाच पोरगी झोपेतून उठून रडायला लागली. दामिनी जागची हलली नाही. मी म्हटलं, अगं, घे ना तिला.

"मी घेतली का थे रागावते," दामिनी म्हणाली.

कोण रागावते, हे मी विचारलं नाही. चहा तसाच ठेवून निघाले.