पांढऱ्या बाहीचा हात

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

कोरियातलं नामवोन गाव. नोव्हेंबरातला गुरुवार, भरदुपार. घरोघरी किमचीचा कोबी मिठात पडलेला. आणि माझी मावसबहीण हेग्योंग दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी.

हेग्योंग तेगुम वाजवायची. ओठांशी आडवी धरायची, दोन हात लांब बांबूची बासरी. तेच तिचं पोट, तेच तिचं माहेर.

मार्चमध्ये अक्कलदाढ काढताना जबड्यातली नस दुखावली. खालच्या ओठाची डावी बाजू मेली.

मग दर महिन्याला तपासणी. ओठात तारेचा चाप अडकवायचा, दाताला विजेची सळई टेकवायची. यंत्रावर आकडा चढत जातो. झिणझिणी आली की डावा हात वर करायचा. जितक्या लहान आकड्याला झिणझिणी, तितकी नस बरी. ऐंशीपर्यंत काहीच नाही... म्हणजे नस गेली.

चेरी फुलली, ऐंशी. भात पिवळा झाला, ऐंशी.

डॉक्टर वोन यांची नजर दातावर. आकडे वाचायचं आणि हात बघायचं काम परिचारिका दासोमचं.

"वीस... पंचवीस... एकतीस..."

"हात वर झाला!" दासोम ओरडली. "ताई, एकतीस!"

हेग्योंगला काहीच जाणवलं नव्हतं.

तिचे दोन्ही हात टॉवेलखाली एकमेकांत गुंफलेले होते...

आणि दोन खुर्च्यांमधल्या पडद्यापलीकडून आवाज आला. दातात कळ उठली की माणूस श्वास आत ओढतो ना... तसा.

पलीकडची खुर्ची रिकामी होती.

तिनं तोंडातला कापूस काढला. "मी हात वर केलाच नाही!"

"अहो, आनंदानं भान गेलं तुमचं," दासोम हसली. "आता पहिली मैफल आमच्या दवाखान्यात हं!"

चाप काढायला ती वाकली.

थबकली.

चाप ओठात नव्हताच. टॉवेलवर पडला होता. बधिर ओठाला तो निसटल्याचं कळलंही नव्हतं.

चापाशिवाय विजेचा फेरा पूर्ण होत नाही. वीज हेग्योंगमधून गेलीच नव्हती.

"ताई... तुमची बाही तर निळी आहे," दासोम पुटपुटली. "त्या हाताची पांढरी होती."

"काहीतरीच बोलू नकोस," डॉक्टर खेकसले. पण चाप त्यांनी स्वतःच ओठात लावला, दोनदा ओढून पाहिला.

पुन्हा तपासणी. या वेळी तिघांचेही डोळे हातांवर.

साठ... सत्तर... ऐंशी.

हात वर झाला नाही.

डॉक्टरांनी सळई खाली ठेवली. "आठ महिने झाले, बाई. आता आशा धरू नका."

हेग्योंगनं तेगुम शिष्येला देऊन टाकली. भात भरवावा तसं मी तिला रोज समजावते. ती ऐकते. ओठाच्या मेल्या कोपऱ्यातून लाळ ओघळते, तेही तिला कळत नाही.

डिसेंबरात दासोमचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"ताई, आज दुसऱ्याच पेशंटची तपासणी होती... आणि मध्येच ती पांढरी बाही वर आली."

हेग्योंगनं एवढंच विचारलं, "आकडा किती?"

"चौदा."

कुणाची तरी नस बरी होते आहे.

माझ्या बहिणीची नव्हे.