लाल वायर उलटी जोडली तेव्हा

हैदराबादच्या कोठी बाजारात, जुन्या सामानाच्या दुकानात करंट मोजायचा एकच अ‍ॅमीटर शिल्लक होता, आणि त्याच्यावर दोन हात एकदम पडले. एक त्रिवेणीचा, लाखेच्या बांगड्यांचा. दुसरा एका उंच, चष्मेवाल्या तरुणाचा.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. अन् चक्क मराठीत!

"घेणारच आहे. तुम्हाला भाव करता येतोय कुठं? पुण्याचे ना?"

तो नुसता हसला... आणि त्रिवेणी पैसे द्यायचेच विसरली.

दुसऱ्या दिवशी तोच दिलसुखनगरला, ती फिजिक्स शिकवायची त्याच कोचिंग क्लासमध्ये, फिजिक्सचाच नवा सर म्हणून हजर. नाव पुष्कर. सत्त्याण्णव साल होतं. ज्याला त्याला मुलगा इंजिनियर झालेला हवा होता, त्यामुळे क्लासच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नसे. त्या गर्दीत ही दोघं एकमेकांना वाट द्यायला थांबत, आणि जरा जास्तच थांबत.

सगळं छान चाललं होतं. मग केमिस्ट्री शिकवणारी भाग्यलक्ष्मी मधे आली.

रोज मधल्या सुट्टीत पुष्कर तिच्यासमोर चहा घेऊन बसायला लागला. हळूच बोलणं काय, खुदखुदणं काय! त्रिवेणी आली की दोघंही गप्प. त्रिवेणीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भाग्यलक्ष्मीची लांबसडक वेणी, वेणीतला मोगरा... सगळंच डोळ्यांत खुपू लागलं. मलकपेठला घरी भाजीत दोनदा मीठ पडलं, तेव्हा आईनं फक्त वर पाहिलं.

शनिवारी पालकांसमोर पुष्करचा प्रयोग होता. फॉइलच्या दोन पातळ पट्ट्या शेजारी शेजारी टांगायच्या. दोन्हींतून एकाच दिशेनं करंट सोडला, की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. उलटसुलट दिशांनी सोडला, तर दूर पळतात. आणि टेबलाशी मदतीला कोण? भाग्यलक्ष्मी!

हॉल रिकामा असताना त्रिवेणी आत शिरली. बॅटरीच्या दोन्ही वायरी तिनं काढल्या. लाल काळीच्या जागी, काळी लालच्या जागी.

"पळा आता दूर," ती पुटपुटली. "होऊ दे फजिती."

हॉल भरला. पुष्करनं बटण दाबलं. पट्ट्या थरथरल्या आणि... टपकन एकमेकींना चिकटल्या! टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्रिवेणी बघतच राहिली. मग लख्ख प्रकाश पडला. बॅटरीच उलटी जोडली, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतला करंट उलटला. दिशा पुन्हा एकच! दर वर्षी फळ्यावर हेच शिकवणारी बाई, पण मत्सरानं अक्कल पार गहाण टाकली होती.

सगळे गेल्यावर पुष्कर तिच्याजवळ आला.

"लाल वायर मायनसला कुणी लावली, त्रिवेणी मॅडम?"

"मला काय माहीत!"

"बॅटरीवर गुलाबी खडूची बोटं आहेत. गुलाबी खडू इथं एकच मॅडम वापरतात."

"हौ, मीच लावली!" तिचा आवाज फुटला. "बघवत नव्हतं मला. तुम्ही अन् ती... जळून कोळसा झाले मी! झालं समाधान?"

पुष्करनं चष्मा काढून उगाच पुसला.

"मला पुण्यात नोकरी लागलीय. सॉफ्टवेअर कंपनीत. पुढच्या महिन्यात जायचंय."

 म्हणजे भांडायलाही तो उरणार नव्हता.

"भाग्यलक्ष्मी पुण्यात शिकलीय," तो सांगू लागला. "तिला विचारत होतो... हैदराबादची मुलगी तिथं रमेल का?"

"कोणती मुलगी?"

"हातातला अ‍ॅमीटर सोडत नाही, ती."

बांगड्या किणकिणल्या. "मग... काय म्हणाली?"

"सहा महिने रडली म्हणे, इथल्या इराणी चहासाठी. म्हणून तुम्हाला विचारायचा धीर होईना. पण आज तुम्हीच दाखवलंत. एकच वळलं, तर दुरावतात. दोघं बरोबर वळले, तर काही बिघडत नाही." तो जरा पुढं झाला. "वळशील, त्रिवेणी?"

ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली, "येईन. पण रडेन, आधीच सांगते. अन् एक अट आहे."

"बोल ना."

"पुण्यात कोण्या बाईसमोर रोज चहा घेऊन बसलास ना..." तिनं लाल वायर उचलून त्याच्यापुढं नाचवली. "तर एकच पट्टी उलटी जोडीन. आता चुकायची नाही मी!"