बाहेरची कडी

शेकोटी विझू देऊ नका, आणि सरका जवळ. शिट्टी कोणाकडे आहे, सचिनकडे? मग ती खिशातच राहू दे. सायली, तू मघाशी विचारलंस ना, तिसऱ्या गल्लीतल्या दारांना बाहेरून कड्या का नाहीत म्हणून? एका दाराला आहे, बाकी सगळी बोडकी. सांगतो. छगन माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. त्याने सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

करोनानंतरचा दुसरा हिवाळा. संगमनेरच्या या आपल्या कॉलनीत कोणीतरी उच्छाद मांडला होता. सकाळी उठावं तर कोणाच्या मोटारसायकलची सीट फाडलेली, कोणाच्या गाडीची काच फुटलेली, खांबावरच्या दिव्यांचा चुरा. चोरी म्हणावी तर काही नेत नव्हते, नुसती नासधूस. मीटिंगा झाल्या. एक कॅमेरा बसला, तोही अध्यक्षांच्या गाडीकडे तोंड करून. तिसऱ्या गल्लीने मागची दारं विटांनी बुजवून टाकली आणि खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवल्या. त्या जाळ्या बिभीषणने केल्या होत्या. तो वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता आणि गल्लीच्या टोकाच्या खोलीत बायको पुष्पावतीबरोबर भाड्याने राहायचा.

मग गस्त ठरली. रोज दोन घरांनी एकेक माणूस द्यायचा. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं ठीक. तुटक तुटक वाजली की गल्लीने काठ्या घेऊन बाहेर पडायचं. सुरुवातीला फार उत्साह होता. मग कोणाची कंबर धरली, कोणाकडे पाहुणे आले. आपली पाळी बिभीषणच्या गळ्यात घालून लोक पांघरुणात शिरायला लागले. भाडेकरूला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्यांना बरोबर ठाऊक होतं.

मार्गशीर्षातली अमावास्या होती. त्या रात्री बिभीषणबरोबर छगनची पाळी. छगन दुधाचा टेम्पो चालवायचा, दिवसभराने अंग आंबलेलं.

"तू हो पुढं, मी स्वेटर घालून आलोच," तो म्हणाला.

"या सावकाश, छगनभाऊ. मी हाय की," बिभीषण म्हणाला.

छगनने स्वेटर घातला, जरा पलंगावर टेकला आणि तिथेच त्याचा डोळा लागला. जाग आली ती शिट्टीने. तुटक, तुटक. तो दाराशी गेला, आतल्या कडीवर हात ठेवला. बाहेर पळापळ चालली होती. काहीतरी फुटलं. मग त्याच्याच दारावर थापा पडल्या.

"छगनभाऊ... दार उघडा..."

त्याची बायको चांगुणा मागे येऊन उभी राहिली. "उघडा ना वं," ती म्हणाली.

छगनने तोंडावर बोट ठेवलं. "सगळी गल्ली हाय ना. निघंल कुनीतरी."

गल्लीतल्या प्रत्येक दारामागे हेच चाललं होतं. थोड्या वेळाने थापा थांबल्या. उजाडल्यावर दार उघडलं, तर बिभीषण पायरीवर पडलेला. डोकं फुटलेलं, शिट्टी अजून दातांत.

फौजदाराने विचारलं, एवढी शिट्टी वाजली तर कोणीच बाहेर कसं आलं नाही? छगनच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, दाराला बाहेरून कडी घातलेली हुती." चोर तसं करतातच, शेजाऱ्यांना कड्या घालतात आणि मग हात मारतात, त्यामुळे फौजदाराला नवल वाटलं नाही. लगेच शेजारचा गोरक्ष म्हणाला, आमची बी. पलीकडचा म्हणाला, आमची बी. बघता बघता अख्खी गल्ली बाहेरून बंद होऊन बसली. पेपरातही तसंच छापून आलं. पुष्पावती नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिने मान वर करून एवढंच विचारलं.

"मंग सकाळी उघडली कुनी?"

गल्लीकर एकेक करून आपापल्या दारांत शिरले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मात्र दणदणीत लावला, त्यावर गल्लीकरांचे फोटो बिभीषणच्या फोटोपेक्षा मोठे. मला अजून त्या फ्लेक्सची चीड येते. मारणारे कोण, ते काही सापडले नाहीत.

वर्ष गेलं. पुन्हा तीच अमावास्या आली. रात्री दोनच्या सुमाराला चांगुणाच्या छातीत कळ उठली. अंग घामाने भिजलं. छगनने टेम्पोची किल्ली घेतली, आतली कडी काढली, दार ओढलं.

दार हललं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. बाहेर कडी खळखळली.

मागे विटा. खिडक्यांना जाळ्या. त्याने गोरक्षला फोन लावला. निघतो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही... मग हळू आवाजात, "आरं, आमचं बी दार बाहेरून लागलंय." बाकीच्यांचंही तेच. दवाखान्याची गाडी अजून लांब होती. पुष्पावतीचा नंबर फोनमध्ये होता. तो लावायला त्याचं बोट धजेना.

बाहेर काठी वाजली.

टक्... टक्... गल्लीच्या टोकाकडून. प्रत्येक दारापुढे थांबत. छगनच्या दारापुढे आली. थांबली.

मग शिट्टी. एकच. लांब.

सगळं ठीक.

"सांगा त्याला..." चांगुणा पलंगावरून म्हणाली. "खरं सांगा..."

छगनने दाराला कपाळ टेकलं आणि ओरडला. "बिभीषण... कडी न्हवती रं. कुनीच घातली न्हवती. माझा हात आतल्या कडीवर हुता. मीच उघडली न्हाई..."

काही नाही.

काही नाही...

खट्. कडी सरकली.

पायरीवर कोणी नव्हतं. त्याचा ओरडा ऐकून टोकाच्या खोलीत दिवा लागला आणि पुष्पावती पदर सावरत धावत आली. तिने सगळं ऐकलं होतं. सरळ आत शिरली आणि उचलायला चांगुणाचे पाय धरले. दोघांनी मिळून तिला टेम्पोत घातलं. गल्लीतलं दुसरं एकही दार उघडलं नाही. चांगुणा गेली ती पुष्पावतीच्या मांडीवर, दवाखान्याच्या फाटकाशी.

तिसऱ्या दिवशी गल्ली भेटायला आली. गोरक्ष म्हणाला, "लई धडपड केली बघ आमी. पण कडी बाहेरून..." सगळ्यांनी माना डोलावल्या. छगनने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग सकाळी उघडली कुनी?" तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात गल्लीने सुतार बोलावला. बाहेरच्या कड्या उपटल्या, भोकं बुजवली, दारांना नवा रंग दिला. छगनने तेवढी आपली कडी ठेवली.

कडी फिरून फिरून दाराच्या रंगावर अर्धगोल ओरखडा पडतो, तुम्ही पाहिला असेल. त्या दारांना आता कड्या नाहीत. रंग दर दिवाळीला नवा असतो. तरी मार्गशीर्ष अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तो ओरखडा प्रत्येक दारावर उमटलेला असतो, ताजा. छगनच्या दारावर नसतो. खाली पायरीवर रंगाचे पापुद्रे पडलेले असतात, आणि उजाडायच्या आत गल्लीतल्या बायका ते गुपचूप झाडून टाकतात.