आगोंगच्या टेम्पोला खोबऱ्याचा वास

"यंत्राला श्रद्धा कळत नाही! नवस नको, उदबत्ती नको, खाऊ नको. यंत्राला फक्त गणित लागतं!"

हे वाक्य उच्चारताना आगोंग, म्हणजे चिन-शुई आजोबा, आपल्या निळ्या टेम्पोच्या बंपरवर एक पाय ठेवून उभे होते. वाक्य संपलं आणि बंपर निखळून खाली पडला. त्याच्याबरोबर आगोंगही अर्धे खाली गेले.

"गणित चुकलं वाटतं," यू-थोंग म्हणाली. ती त्यांची तेरा वर्षांची नात. असं बोलायची परवानगी साऱ्या गावात तिला एकटीलाच होती.

"बंपर म्हणजे यंत्र नव्हे!" आगोंग उठत म्हणाले. "तो नुसता पत्रा!"

हिवाळ्याची सुट्टी होती. यू-थोंगचा आतेभाऊ बो-यान तैपेईहून या अननसवाल्या गावात आला होता आणि दर तासाला 'आमच्या तैपेईत' असं म्हणत होता. तिसरा शेजारचा आ-ताओ. त्याची आई टोफूची खीर विकायची. आ-ताओ कुठेही पोचायच्या आधी त्याचं नाक तिथे पोचलेलं असायचं.

प्रश्न होता ढोलाचा. तीस वर्षं देवीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढचा मोठा ढोल आगोंगच्याच टेम्पोवर असायचा. पण पालखी मुंगीच्या पावलांनी चालते आणि म्हातारा टेम्पो तेवढं हळू चालला की तापतो. गेल्या वर्षी भर बाजारात त्याच्या तोंडातून वाफेचा खांब उठला आणि देवीला चाळीस मिनिटं उन्हात थांबावं लागलं. देवी काही बोलली नाही. मंदिर समितीचे अध्यक्ष लिआव मात्र बोलले. शनिवारी चाचणी होणार होती. मंदिर ते पूल आणि परत, पालखीच्या चालीनं. टेम्पो पुन्हा उकळला तर ढोल होंगकाकांच्या नव्या पांढऱ्या टेम्पोवर जाणार.

ढोल बांधायचे चामडी पट्टे आगोंगनी आठवड्यात दोनदा पुसून, तेल लावून वाळत घातले होते.

"हे बघा," ते आता म्हणाले. "जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी हळू, तर पंखाही हळू. म्हणून हा नवा, विजेचा. आणि हा सेन्सर."

सेन्सर म्हणजे पेन्सिलीएवढी पितळी कांडी, मागे लांब वायर. आगोंगनी पुढची जाळी उघडली आणि इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरमध्ये जिथे शिरतं, तिथल्या पातळ पत्र्यांच्या फटीत कांडी खुपसली.

"पाणी तापलं की कांडी तापणार. कांडी तापली की पंखा फिरणार. गणित!"

"आगोंग, ही चिमटी उरली," बो-यान म्हणाला. त्याच्या हातात प्लास्टिकची काळी चिमटी होती.

"कारखानेवाले दोन-चार तुकडे जास्तीचे देतातच. हरवायला."

"कागदावर चित्र आहे तिचं."

"कागदसुद्धा जास्तीचाच देतात."

बो-यानने चिमटी खिशात टाकली. इंजिन सुरू झालं. तापमानाचा काटा वर चढला आणि पाऊण वाटेवर पोचताच घर्रर्र! पंखा फिरायला लागला. काटा शहाण्यासारखा खाली आला. आ-ताओने टाळ्या वाजवल्या.

बुधवारी पहिली फेरी झाली. टेम्पो रांगत रांगत आ-ताओची आई बसते त्या टोफूच्या कोपऱ्यापर्यंत गेला. काटा पाऊण, मग लाल, मग लालच्याही पलीकडे! पंखा ढिम्म!

"पाणी आणा!" आगोंग ओरडले. "पळा! तिघंही पळा!"

तिघं पाणी घेऊन आली तोवर आगोंग जाळी लावून, घाम पुसत उभे होते. अंगणात परत आल्यावर टेम्पो पुन्हा तापवून पाहिला, तर पंखा अगदी वेळेवर, घर्रर्र!

"घरी गुणी आणि बाहेर वाह्यात," बो-यान म्हणाला. "आमच्या तैपेईत—"

"गप रे! हे होंगकाकांचं काम आहे," यू-थोंग म्हणाली. "ढोल त्यांना हवाय!"

तिघं लगेच होंगकाकांच्या कुंपणाआड दबा धरून बसली. होंगकाका पांढरा टेम्पो मऊ फडक्याने पुसत होते. त्यांनी न वळताच तिघांना पेरू दिले.

"आजोबांची गाडी बरी आहे ना रे?" त्यांनी काळजीने विचारलं. "देवाशप्पथ सांगतो, तो ढोल माझ्याकडे आला तर रंगावर ओरखडेच ओरखडे! अध्यक्षांना नाही म्हणायची सोय नाही हो."

संशयित गेला, पेरू उरले.

"एक सांगू?" परतताना आ-ताओ म्हणाला. "गाडी उकळली तेव्हा वाफेला खोबऱ्याचा वास होता. भाजलेला मका, लोणी आणि खोबरं."

"तुला सगळ्यालाच खाण्याचा वास येतो!"

"सगळ्याला नाही. गणिताच्या वहीला नाही येत."

यू-थोंग थांबली. "आणि बादली एक होती. मग पाणी आणायला तिघं कशाला?"

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आगोंग टोपी शोधायला घरात गेले, तेव्हा तिने जाळी उघडली. सेन्सरची कांडी जिथे पत्र्यात शिरत होती, बरोबर तिथे तिने नखांच्या लाल रंगाची बारीक रेघ ओढली. आ-ताओ टेम्पोच्या मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली लपला.

पुन्हा तोच रस्ता, तोच कोपरा, तोच लाल काटा.

"पाणी! तिघंही पळा!"

"आ-ताओ आज आलाच नाही," यू-थोंग निरागस चेहऱ्याने म्हणाली आणि बो-यानला घेऊन पळाली.

ती दोघं परतली तेव्हा आगोंग नेहमीसारखे घाम पुसत होते. ते बसायला वाकले, तेव्हा त्यांच्या पोटातून 'कर्रर्र' असा आवाज आला.

"भूक लागली," आगोंग घाईने म्हणाले.

आ-ताओने सगळं अंगणात, पेरूच्या झाडाखाली सांगितलं. "तुम्ही आत बसल्यावर आगोंगनी जाळीत काहीतरी अडकवलं होतं, म्हणून गाडी उकळल्यावर मी टपावरून वाकून बघत होतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जाळी उघडली. आत लाल दोऱ्याने पाकीट टांगलेलं! हिरवं! खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं! मोठं, अख्ख्या घराला पुरेल असं!"

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून त्यांच्याकडे यंत्रापाशी हिरवं पाकीट सगळेच ठेवतात. बँकेतल्या मशीनवर ठेवतात, रेल्वेच्या कचेरीत ठेवतात. रंग हिरवाच हवा, तारीख उलटलेली नको आणि फोडून खायचं नाही.

"पण आगोंग?" यू-थोंग म्हणाली. "यंत्राला खाऊ नको म्हणणारे?"

"म्हणून तर लपवून! आणि टांगलं कशाला, तर त्या सेन्सरच्या कांडीला! ती कांडी सगळी बाहेर लोंबत होती. तुझी लाल रेघ चार बोटं बाहेर! त्यांनी पाकीट ओढून शर्टात कोंबलं आणि कांडी अंगठ्याने परत आत दाबली."

आता कोडं उलगडलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पाकीट झोके घ्यायचं आणि दुधाचा दात हलवून हलवून काढावा तशी कांडी बाहेर यायची. बाहेर गार हवा. कांडीला वाटायचं, सगळं थंड आहे! आगोंगना वाटायचं, पाकीट काढताना कांडी आपल्याच हिसक्याने निघाली. म्हणजे टेम्पोने शहाण्यासारखं वागावं म्हणून जे टांगलं, त्यानेच टेम्पो बिघडत होता.

बो-यानने खिशातून काळी चिमटी काढली. "ही कांडी धरून ठेवायलाच होती." आणि पहिल्यांदाच त्याने तैपेईचं नाव घेतलं नाही.

"जाऊन सांगू या!" आ-ताओ उठला.

"बस खाली!" यू-थोंग म्हणाली. "तीस वर्षं ते सगळ्यांना गणित सांगतायत. उद्या सारं गाव त्यांना पाकीट दाखवून हसेल. ढोल मिळाला तरी ते घराबाहेर पडायचे नाहीत."

शनिवारी सकाळी बो-यानने गुपचूप चिमटी बसवली. कांडी हलवून पाहिली. हलेना. मग तिघं रडवेल्या चेहऱ्याने आगोंगसमोर उभी राहिली.

"आगोंग, आम्हाला भीती वाटते," यू-थोंग म्हणाली. "पुढच्या काचेपाशी एक हिरवं पाकीट ठेवू? तुम्हाला पटत नाही माहीत आहे. आमच्यासाठी!"

आगोंगनी मोठा सुस्कारा सोडला. "मुलांच्या हट्टापुढे विज्ञान तरी काय करणार? ठेवा." मग जरा थांबून म्हणाले, "तारीख बघून घ्या."

मंदिरासमोर सारं गाव जमलं होतं. अध्यक्ष लिआव हातातल्या भोंग्यातून बोलत होते आणि भोंगा त्यांच्यापेक्षा जास्त बोलत होता. "खर्रर्र... चाचणी... खर्रर्र... सुरू!"

ढोल वाजला. टेम्पो रांगू लागला. टोफूचा कोपरा आला. काटा अर्ध्यावर. मग पाऊण. आगोंगनी काचेपाशीच्या हिरव्या पाकिटाकडे चोरून पाहिलं. काटा लालला टेकणार...

घर्रर्र!

काटा थरथरला आणि खाली आला. पूल गाठला. परत फिरले. काटा पाच वेळा चढला, पंखा पाच वेळा फिरला आणि टेम्पो मंदिरासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या तोंडातून वाफेचा एक धागाही निघाला नाही. सगळ्यात जोरात टाळ्या होंगकाकांनी वाजवल्या.

"दाखवा तरी काय जादू केलीत, चिन-शुईदादा!" अध्यक्ष म्हणाले.

आगोंगनी जाळी उघडली. कांडीवर घट्ट बसलेली काळी चिमटी त्यांना दिसली. तिच्या शेजारची लाल रेघही दिसली. त्यांनी चिमटी अंगठ्याने हलवून पाहिली. हलेना. तिन्ही मुलं तेवढ्यात आकाशातले ढग मोजायला लागली होती.

"ही चिमटी," आगोंग शेवटी सावकाश म्हणाले, "मी जास्तीची म्हणून टाकून दिली होती. मुलांनी बसवली. गणित माझं चुकलं होतं. त्यांचं बरोबर आलं." आणि त्यांनी तिघांच्या डोक्यावर एकेक टपली मारली. यू-थोंगच्या डोक्यावर तो हात थोडा जास्त रेंगाळला.

अध्यक्षांनी भोंगा उचलला. "गावकऱ्यांनो! ढोल चिन-शुईदादांच्याच टेम्पोवर! आणि ही मुलं... खर्रर्र... आपल्या गावाचं भूषण! यांनी अंधश्रद्धेवर... खर्रर्र... विज्ञानाचा... खर्रर्र... झेंडा..."

टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले. मग भोंगा बंद करून त्यांनी टेम्पोच्या खिडकीतून आत डोकावलं आणि हळूच म्हणाले, "आ-ताओ बाळा, ते हिरवं पाकीट जरा या भोंग्याला बांधून देतोस का?"