डोक्यावर पान घेतलेला गोरिल्ला

"हा गोरिल्ला नाही!"

कुणकेश्वरच्या जत्रेत, भर तंबूत, सगळ्या गर्दीपुढे मी उभी राहून ओरडले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, जत्रेतला गोरिल्ला खरा असतो होय? नसतो हो, कळतं मला. हायस्कूलात जीवशास्त्र शिकवते मी. पण तंबूबाहेर फलक होता, 'आफ्रिकेच्या जंगलातील जिवंत गोरिल्ला'... आणि माझी आशा अशी वेडी, की पाय आपोआप आत वळले. लहानपणी मुंबईला मामाकडे गेले असताना पिंजऱ्यातला एक चिंपांझी पाहिला होता. एस.टी.च्या स्टँडवर कंटाळलेलं माणूस बघतं ना, तसा तो माझ्याकडे बघत होता. ती नजर काही केल्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून एकच घेऊन बसले होते, असला एक जीव त्याच्या जंगलात, मोकळा बघायचा. चोवीस वर्षांची घोडी झाले, माई स्थळं शोधून थकली, तरी माझ्या पायांची भिंगरी थांबेना.

तर तंबूत काय? काथ्या चिकटवलेला, काजळ फासलेला एक इसम गजांमागे. त्याने छाती बडवून डरकाळी फोडायची होती. पण हा गडी निवांत खाली बसला. कोपऱ्यातलं केळीचं पान उचललं, डोक्यावर छत्रीसारखं धरलं आणि त्याखालून आमच्याकडे टुकूटुकू बघायला लागला. माणसं पोट धरून हसली. माझं मात्र टाळकंच सरकलं.

"हा ओरांगउटान आहे!" मी म्हटलं. "सुमात्राच्या जंगलातला! पावसात डोक्यावर पान धरतो तो! फलक बदला!"

तंबूवाला बाबली हात जोडत धावला. "गप रव गो बाय, माझ्या पोटार पाय देव नको!"

पण गोरिल्ला ताडकन उठून गजांपाशी आला, आणि मुखवट्याआडून आवाज आला, "तुमका कसा कळला ता?"

"अगो बाय, गोरिल्लो मालवणी बोलता!" कुणीतरी किंचाळलं, आणि तंबू रिकामा झाला.

मागच्या बाजूला, मुखवटा काखेत मारून तो घटाघट पाणी पीत होता. घामाने काजळ ओघळलेलं, केसांत काथ्या... आणि हसू असं, की भांडायचं काय होतं तेच मी विसरले.

"बाबलीचो माणूस तापान पडलो, म्हणान मी उभो रवलंय," तो म्हणाला. "गोरिल्लो मी काय बघूक नाय. ओरांगउटान बघलंय."

"कुठे?"

"सुमात्राक. मी बोटीर सैपाकी. आमची बोट थंयच्या बंदरात अडाकली होती, तेव्हा बसमधून जंगलात गेलंय. पाऊस पडाक लागलो, आणि वर फांदयेर तो... डोक्यार पान धरून माझ्याकडे बघता. जसो काय इचारता, 'कशाक भिजतंस, मेल्या?'"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "नाव काय तुमचं?"

"सत्यवान. देवबागचो."

"नाव सत्यवान आणि धंदा फसवणुकीचा!"

"सगळे हसत होते," तो एकदम हळू म्हणाला, "तुमी एकटे रागावलास. तेव्हाच मी तुमका बघलंय."

मी मान वळवली. दर्याकडे बघितलं, नारळवाल्याकडे बघितलं... सगळीकडे बघितलं, फक्त त्याच्याकडे सोडून.

मग तो घरी यायला लागला. माईसाठी बांगडे घेऊन यायचा, म्हणजे माईला हरकत घेता येत नसे. सुट्टीवर होता तो. कंपनीची तार आली, की पुन्हा बोटीवर जायचा.

"सुमात्राक जावचा असात तर दिवाळीच्या सुट्टीत जावा," एकदा मे महिन्यात तो म्हणाला. माई अंगणात कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती. तिच्या टोपलीतले चार त्याने उचलले आणि पडवीच्या जमिनीवर मांडले. "हो मद्रास. हयसून बोटीच्या डेकवर हो पिनांग. मगे ल्हान बोट, हो सुमात्राचो मेदान. आणि हय नदी, पलीकडे जंगल."

"दिवाळीतच का?"

"तेव्हा थंय पाऊस. परदेशी पाहुणे येनत नाय, खोल्ये रिकामे. नदीकाठार एका म्हाताऱ्याचा गेस्टहाउस आसा, माझ्या वळखीचो. पावसात तो निम्म्यात देता."

"पण पावसात जळवा..."

"आंबोलीत काय कमी आसत? आमका पावसाचा कसला नवल! आणि पाऊस पडल्याबिगर तो डोक्यार पान कसो घेतलो?"

मला एकदम हसू फुटलं. इतकी वर्षं जे स्वप्न होतं, ते चार रातांब्यांत मावत होतं!

"वाटाड्यो एकच लागतलो," तो रातांब्यांकडे बघतच म्हणाला. "होडी पण एकच. म्हणजे... दोन माणसा असली तर स्वस्त पडता."

"दुसरं माणूस कोण?"

"असात कोणतरी... जंगल बघलेला."

"खोल्या मात्र दोन," मी घाईघाईने म्हटलं.

"दोन म्हणजे खर्च वाढता."

"वाढू दे!"

माझे कान इतके तापले, की मी उठून उगाच तुळशीला पाणी घालून आले. सकाळीच घातलं होतं.

"माझ्यावांगडा ही शाळेची भाषा कशाक बोलतास?" तो मागून म्हणाला. "घरात तर मालवणी बोलतास."

"ज्या दिवशी तुमच्यावरचा राग जाईल, त्या दिवशी तुमच्याशी मालवणी बोलेन!"

"राग? कसलो?"

कसला, ते मला तरी कुठे ठाऊक होतं! तो आला की जीव उडायचा, आणि नाही आला की त्याहून जास्त. पडवीतून फाटकापर्यंत नुसत्या येरझारा. वही तपासायला घ्यावी तर एकाच उत्तरावर तीनदा बरोबरची खूण करायची मी.

माईने सगळं ऐकलं होतं. तो गेल्यावर तिने तोफ डागली. "नर्मदे, केल्डी बघूक, माकडा बघूक दर्यापार जातलंस? हय परड्यात काय कमी आसत? काल निम्मे शहाळे पाडल्यानी, ते बघ! आणि लगीन नाय झालेला चेडू, परक्या झिलावांगडा? लोक तोंडात श्याण घालतीत!"

मी रडले, भांडले, दोन जेवणं टाकली. शेवटी माई म्हणाली, "देवाक कौल लावया. उजवो दिल्यान तर जा, मी आड येवचंय नाय. डावो दिल्यान तर मात्र त्या कणकवलीच्या स्थळाक होकार. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तोंडातून गेलं खरं, आणि लगेच परत गिळावंसं वाटलं.

कौलाच्या आदल्या संध्याकाळी सत्यवान आला. हातात बांगडे नव्हते, तार होती.

"मुंबयक हजर रवाक सांगल्यानी. येत्या आठवड्यात."

मला काय झालं कोण जाणे. "मग जा की!" मी ओरडले. "कोणी धरून ठेवलंय तुम्हाला?"

त्याने बोलायला तोंड उघडलं. पण मी आत निघून गेले आणि दाराची कडी लावली. कडी लावल्यावर कळलं... मला नुसतं जंगल नको होतं. डोक्यावर पान घेऊन बसलेला तो वानर मला सत्यवानच्या शेजारी उभं राहून बघायचा होता. एकटीला आता त्यात काडीची गोडी वाटत नव्हती. पण हे सांगायचं कुणाला? कडी तर मीच लावलेली!

दुसऱ्या दिवशी रवळनाथाच्या देवळात ही गर्दी. कौल एकीचा, उत्सुकता साऱ्या गावाला. सत्यवानही आला होता, पार मागे खांबाला टेकून उभा होता. देवळाचे मानकरी काशीकाका गावकर यांनी देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या लावल्या, जी आधी पडेल तो देवाचा कौल, आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुझ्या चेडवाच्या मनात समुद्रापलीकडे जावचा इला हा. जावचा असात तर उजवो दी, नसात तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

आम्ही वाट बघत राहिलो.

उजवी पडेना. डावीही पडेना. माझी नजर या पाकळीवरून त्या पाकळीवर. माईचे ओठ पुटपुटत होते. कुणीतरी खोकलं तर त्याच्याकडे दहा जणांनी डोळे वटारले. पड गो बाय, कुठलीही पड, पण पड!

काशीकाकांनी मान हलवली. "देव बोलना नाय. गाऱ्हाणा अर्धा आसा. कोणीतरी काय तरी पोटात ठेवलाहा. ता भायर काढा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जत्रेत गोरिल्ल्याला जाब विचारणारी मी, आणि आता खालची फरशी मोजत बसले.

"मी ठेवलंय," मागून आवाज आला.

सत्यवान गर्दीतून पुढे आला. त्याने खिशातली तार काढून देवाच्या उंबऱ्यावर ठेवली.

"काका, गाऱ्हाण्यात माझा नाव घाला. बोटीची तार इली हा, पण त्या बोटीर मी जावचंय नाय. बोटी काय, दुसरी गावतली. माका नर्मदेवांगडा जावचा आसा. वानर बघूक... आणि मगे तिच्यावांगडाच घराक येवक. जन्मभर."

माईचा पदर तोंडावर गेला.

काशीकाका माझ्याकडे वळले. "चेडवा, तुझा काय? देवासमोर सांग. घालू हेचा नाव?"

मी सत्यवानकडे बघितलं. काजळ नव्हतं, काथ्या नव्हता, मुखवटा नव्हता. डोळे मात्र तेच... पानाखालून बघणारे.

"घाला," मी म्हटलं.

"बा देवा म्हाराजा!" काशीकाकांचा आवाज आता गाभाऱ्यात घुमला. "ह्या दोघांक जोडीन जावचा आसा, जोडीन येवचा आसा, जोडीन ऱ्हवचा आसा! तुझो हुकूम असात तर उजवो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता, असं माई अजून सांगते. पाकळी कधी पडली ते मी पाहिलंच नाही. मी दुसरीकडेच बघत होते. लोकांनी एकच कल्ला केला तेव्हा कळलं, उजवी पडली.

माईने डोळे पुसले आणि लगेच कमरेला पदर खोचला. "मिरगाच्या आधी लगीन उरकूचा, सांगान ठेवतंय. एकदा पाऊस लागलो की मांडव भिजता. मगे जावा तुमची केल्डी बघूक!"

बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. देवळामागच्या केळीचं एक रुंद पान तोडून सत्यवानने माझ्या डोक्यावर धरलं आणि तसाच, अगदी तस्साच, टुकूटुकू बघायला लागला. पोरीबाळी फिदीफिदी हसत होत्या. हसू देत.

"त्या म्हाताऱ्याक कळवचा आसा," तो म्हणाला. "किती खोल्ये सांगू?"

मी पान थोडं त्याच्या बाजूला सरकवलं. त्याच्याही डोक्यावर सावली आली.

"एकच सांग," मी म्हटलं. "उगाच खर्च कशाक करतंस, मेल्या?"